ओढणीखालची बोटं

पायलनं विचारलं, "आई, वायफायचा पासवर्ड काय आहे गं?" मी म्हटलं, "घे, सांगते," आणि पुढे काही आलंच नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय खाली टाकावा आणि तिथं जमीनच लागावी, तसं झालं. पडले नाही, पण आतून दचकले. हातात पोह्यांची ताटली होती, ती मी तिच्यासमोर ठेवली, लिंबाची फोड कडेला सरकवली आणि जणू मुद्दामच थांबलेय अशा थाटात म्हटलं, "आधी खा. गार होतील." तिनं कंपनीचा नवा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवला होता आणि पडद्यावर एक रिकामी चौकट माझी वाट बघत होती. पायलही बघत होती. माझी मुलगी हुशार आहे, हिंजवडीत पंधरा-वीस माणसं तिच्या हाताखाली आहेत, पण तिला चेहरा लपवता येत नाही. तो गुण तिच्या बाबांकडून आलाय. तिच्या चेहऱ्यावर चीड असती तर मला चाललं असतं. तिथं कीव होती, आणि त्या कीवेखाली थोडंसं समाधानही होतं, आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला होतं तसं.

म्हणणं काय, तर आईनं आता एकटीनं राहू नये. मध्यंतरी मी गॅसवर दूध ठेवून खाली भाजीवाल्याशी घासाघीस करत बसले आणि पातेलं काळं ठिक्कर पडलं. मग एकदा किल्ली दाराला बाहेरून तशीच लटकत राहिली. समोरच्या सरोजिनीबाईंनी ती आणून दिली, नुसती दिली नाही तर पायलला फोन करून सविस्तर कळवलंही. शेजारधर्म म्हणतात तो हाच. तेव्हापासून वाकडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी एक खोली तयार होते आहे. जावई अनिरुद्ध गुणी मुलगा, त्यानं हौसेनं तिला रंग लावून घेतला, फिकट पिस्ता. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पिस्ता मला बर्फीतसुद्धा आवडत नाही. आणि बोपोडीतलं हे घर, जे मी आणि पायलचे बाबा, बुद्धभूषण, आम्ही दोघांनी खडकीचं फॅक्टरीचं क्वार्टर सोडायची वेळ यायच्या आत पै-पै जोडून घेतलं, ते भाड्यानं द्यायचं. आज दुपारी एजंट जागा बघायला येणार होता. मी हो म्हटलं नव्हतं. "बघून तर जाऊ दे," एवढंच म्हटलं होतं. पण आपल्याकडे "बघून तर जाऊ दे" म्हणजे निम्मं ठरलंच. उरलेलं निम्मं इतके दिवस माझ्या हातात होतं, ते आता त्या रिकाम्या चौकटीत जाऊन बसलं.

"जाऊ दे ना आई," पायल म्हणाली, "मी फोनचा हॉटस्पॉट लावते. नाहीतर राउटर रीसेट करू. मागे छोटं भोक असतं, त्यात पिन घातली की झालं."

"राउटरला हात लावायचा नाही."

"अगं, पण तुला आठवत नाहीये."

"मला येतो पासवर्ड. फक्त आत्ता येत नाहीये."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर ते फारसं भक्कम नाही हे मलाच कळलं. पायल हळू आवाजात म्हणाली, "आई, इश्यू वायफायचा नाहीये," आणि पोह्यांत चमचा फिरवत बसली. तेवढं मलाही कळत होतं. वायफायचा प्रश्न असता तर तो पिनेनं सुटलाच असता. पिन टोचली की त्या डबीला म्हणे मागचं काही आठवत नाही, कारखान्यातून आली तशी कोरी होते आणि मग वाटेल त्यानं तिला वाटेल ते शिकवावं. ही सोय मला अजिबात पसंत नव्हती. पायलनं मग समजुतीनं पर्याय सुचवायला सुरुवात केली. आधी तिचं स्वतःचं नाव आणि जन्मसाल. मुलींना वाटतं आईचा पासवर्ड म्हणजे त्याच असणार. मग बाबांचं नाव. मग चौदा एप्रिल. मग घरनंबर. प्रत्येक वेळी ती चौकट थोडा विचार करायची आणि नाही म्हणायची, एखाद्या खडूस हेडक्लार्कसारखी, मान वर न करता. "तुझा फोन तर कनेक्टेड आहे," ती म्हणाली, "त्यात कसा टाकलास?" मी म्हटलं, "मी कुठं टाकला? ज्यानं राउटर बसवला त्यानंच डबीमागचं कसलं तरी बटण दाबून फोन जोडून दिला होता." जुना कॉम्प्युटर तर गेल्या दिवाळीत भंगारात गेला. म्हणजे पासवर्ड मी एकदाच टाकला होता, त्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि नंतर कुणी विचारलाच नव्हता.

चहाच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. पाणी उकळायला ठेवलं, गॅससमोर उभी राहिले (दूध करपवणारी बाई पुन्हा करपवणार नाही, याची मी खात्री करते) आणि स्वतःचीच तोंडी परीक्षा घेतली. खडकीच्या क्वार्टरचा नंबर? आला. बुद्धभूषणांचा फॅक्टरीतला टोकन नंबर? आला. पायलला गोवर कुठल्या महिन्यात आला, बोपोडीच्या या घरात पहिल्या दिवशी कुठली भाजी केली, सरोजिनीबाईंनी मिक्सर नेऊन तो कुठलं भांडं फोडून परत आणला? सगळं आलं, शेवटचं तर जरा जास्तच स्पष्ट आलं. मग सहज मनात आलं, पंचशीलातलं चौथं शील कोणतं? रोज सकाळी मी वंदना म्हणते, लहानपणापासून म्हणते, आणि चौथं शील येईना. मला भीती वाटली, सरळ सांगते. माझी आई, चंपा तिचं नाव, शेवटच्या वर्षी मलाच विचारायची, "बाई, तुमी कुनाकडच्या?" मी सांगायचे, आणि ती सभ्यपणे हसायची, पाहुणीशी हसावं तशी. त्या हसण्याची मला जितकी धास्ती आहे तितकी मरणाचीही नाही. चहाचं पाणी उकळायला लागलं होतं. मी डोळे मिटून पहिल्यापासून सुरू केलं, पहिलं शील, दुसरं, तिसरं, आणि तिसऱ्याच्या शेपटीला धरून चौथं आपोआप आलं, त्याच्यामागून पाचवं. म्हणजे ते तोंडाला ठाऊक होतं, मला नव्हतं. हे विचित्र वाटलं, आणि त्याच दमात आणखी एक आठवलं. आई मला विसरली तेव्हासुद्धा सुपात तांदूळ घालून तिच्यापुढे ठेवले की ती ते असे निवडायची की घासाला खडा लागायचा नाही. मी कुणाकडची ते तिला माहीत नव्हतं, पण खडा कुठला ते तिच्या हातांना माहीत होतं.

चहा घेऊन बाहेर आले तर पायल हॉटस्पॉट लावून कामाला लागलेली. तिच्या समोर बसले. ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, डेडलाईन, क्लायंट, फ्रायडेपर्यंत वगैरे. बोलणं संपलं आणि ती माझ्याकडे बघून एकदम थांबली. "आई, बोटं का अशी थरथरतायत तुझी?" मी खाली पाहिलं. टेबलाच्या कडेवर माझी दहाही बोटं हलत होती. ती थरथरत नव्हती. ती टाईप करत होती. पायल फोनवर जे बोलत होती ते माझी बोटं टेबलाच्या सनमायक्यावर मारत होती, फ्रायडेपर्यंत, पूर्णविराम, पुढची ओळ. ही माझी फार जुनी खोड. समोरचं माणूस बोलायला लागलं की माझी बोटं मांडीवर, उशीवर, बसच्या दांड्यावर त्याचं बोलणं उतरवून घेतात. लग्न झालं तेव्हा बुद्धभूषण म्हणाले होते, "माझं बोलणं टाईप करत जाऊ नका हो, उद्या पुरावा म्हणून दाखवाल." नंतर त्यांना सवय झाली. नंतर ती चालू आहे हे मलाही कळेनासं झालं. त्या क्षणी मात्र ती बोटं मला परक्याची असावीत तशी दिसली, आणि जो दिवस मी डोक्यात धुंडाळत होते तो बोटांतून वर आला.

राउटर बसवायला आलेला माणूस घाईत होता. मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. तो म्हणाला, "मॅडम, मजबूत पासवर्ड टाका. लांब, आणि कुणालाही सुचणार नाही असा." आणि मी विचार न करता मारला. समोर मराठी अक्षरं नव्हती, यंत्र इंग्रजीवर होतं, पण माझ्या बोटांना इंग्रजी कुठं येतं? त्यांनी मराठी टाइपरायटरवर मारतात तसंच मारलं. अर्धं अक्षर इथं, काना तिथं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, चिन्हांसाठी शिफ्टचं बटण दाबून. त्या यंत्रात इंग्रजी अक्षरांची काय खिचडी पडली असेल ती त्याचं त्यालाच ठाऊक, पडद्यावर नुसते ठिपके दिसत होते. तो माणूस म्हणाला, "बाप रे मॅडम, केवढा लांब! आणि काय स्पीड!" मला बरं वाटलं, दाद कोणाला नको असते. म्हणजे मी विसरले नव्हते. हा पासवर्ड माझ्या डोक्यात कधी नव्हताच. तो आला तसा थेट बोटांत गेला, आणि मी मात्र सकाळपासून त्याला डोक्यात शोधत होते. पायलला हे सांगितलं असतं तर तिनं प्रेमानं मान हलवली असती. तिला दाखवायला हवं होतं.

मला टायपिंग शिकवलं नारायण पेठेतल्या श्रीधर मास्तरांनी. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास, जिना चढायच्या आधीच कडकड ऐकू यायची, आणि दारावर त्यांच्या अक्षरात पाटी: "बटणांकडे पाहून टाईप करणाऱ्यांनी चष्म्याचे दुकान काढावे." मी खडकीहून बसनं जायचे. वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, आई कॅन्टोन्मेंटमधल्या बंगल्यांत भांडी घासायची. ती मला म्हणाली होती, "माझ्या हातांनी जे केलं ते तुझ्या हातांनी करायचं नाय." पेठेतल्या त्या जिन्यावर पहिल्या दिवशी मी जरा दबकतच चढले, कारण तिथं आधी आडनाव विचारतात हे मला माहीत होतं. मास्तरांनी आडनाव नाही विचारलं. म्हणाले, "हात पुढे करा." मी केले. त्यांनी दुरूनच माझी बोटं पाहिली, भाजीवाल्यानं आणलेल्या शेंगा बघाव्या तशी, आणि म्हणाले, "ठीक आहेत. नखं कापून या." एवढंच. मग पहिल्या पाठापासून त्यांनी यंत्रावर आणि आमच्या हातांवर एक काळं फडकं टाकलं. आत हात, वर फडकं. बटणं दिसायची नाहीत. कुणी फडकं हळूच उचललं की मागून आवाज यायचा, "काय शोधताय? आपलं काही पडलंय का तिथं?" सगळे हसायचे, आणि फडकं खाली. मला त्या अंधाराची आधी भीती वाटायची, मग गोडी लागली. फडक्याखाली माझे हात कुणाचेच नव्हते, तिथं आईच्या घासणीची राख नव्हती, पेठ नव्हती, खडकी नव्हती, फक्त मधली ओळ, वरची ओळ, खालची ओळ. मी परीक्षेत पहिली आले. मास्तर म्हणाले, "अपेक्षा नव्हती असं म्हणणार नाही. पण बोलूनही दाखवली नव्हती." पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं.

नंतर पाटबंधारे खात्याच्या कचेरीत लागले आणि जन्म तिथंच गेला. खडकवासल्याच्या कालव्याला पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, कुणी चोरून उपसलं, हे सगळं पाणी माझ्या बोटांखालून वाहिलं असं म्हटलं तरी चालेल. नव्वदीनंतर कचेरीत कॉम्प्युटर आले, तेव्हा काय धांदल उडाली होती! माझ्याबरोबरचे टायपिस्ट म्हणायचे, आता आपली गच्छंती. कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कुणी त्या यंत्राला घरच्या देवासारखं फुलं वाहिली. मी जाऊन बसले, त्या प्लास्टिकच्या पट्टीवर हात ठेवले, मराठी फाँट लावला होता आणि अक्षरं जिथल्या तिथं होती. यंत्र बदललं, बोटं तीच. तेव्हापासून मी कशालाच फारशी भ्याले नाही, कॉम्प्युटरला नाही, मोबाईलला नाही, ऑनलाईन बिलाला नाही. पायलला कॉम्प्युटरच्या शाखेत घालायचं, असा हट्ट मीच धरला. आणि त्याच पायलच्या लॅपटॉपनं आज माझी परीक्षा घ्यावी, म्हणजे आमच्या घरची कोंबडी आम्हालाच दाणे मोजून घालणार.

"पायल, लॅपटॉप इकडे दे."

"आई, ऑफिसचा आहे तो. काही डिलीट झालं तर..."

"मी मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिली तेव्हा डिलीट नव्हतंच. जे मारायचं ते मारायचं. दे."

तिनं सरकवला. ती चौकट पुन्हा उघडून दिली. मी खुर्ची पुढे घेतली, पाठ ताठ केली, हात मधल्या ओळीवर ठेवले आणि मारायला लागले. चार-पाच ठिपके पडले आणि माझी नजर खाली बटणांकडे गेली. इंग्रजी अक्षरं दिसली. बोटं गोंधळली, करंगळी भलतीकडेच गेली. चौकट म्हणाली, चूक. पुन्हा मारलं, पुन्हा नजर खाली, पुन्हा चूक. पायल माझ्या खांद्यामागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. "राहू दे ना गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ होता की त्या मऊपणानं मला वाकडला नेऊन पिस्त्याच्या भिंतीशेजारी झोपवलंसुद्धा, औषधाची डबी उशाशी ठेवून. पाहुणीसारखी हसत. नाही. काय शोधताय, आपलं काही पडलंय का तिथं?

"तुझी ओढणी दे."

"काय?"

"ओढणी दे म्हटलं. थंडी नाही वाजत मला. दे."

तिनं गळ्यातली ओढणी काढून दिली. मी ती लॅपटॉपवर आणि माझ्या हातांवर पसरली, नीट, मनगटं झाकतील अशी. नजर समोर भिंतीवर ठेवली, जिथं बुद्धभूषणांचा फोटो आहे, त्यांचाही चेहरा काही लपवत नव्हता. आणि हातांना म्हटलं, चला. पहिलं बोट वर गेलं, शिफ्टचं बटण दाबून, आणि कंस उघडला. कंस उघडला तेव्हाच मला कळलं. अहो, कंस कुठल्या शब्दाआधी उघडतात? आमच्याकडे एकाच. पत्र संपतं, आपला विश्वासू येतो, सहीसाठी चार बोटं जागा सोडायची, आणि खाली कंसात साहेबांचं नाव. बोटं न थांबता चालली होती. श्रीनिवास देवचके. कंस बंद. कार्यकारी अभियंता हे लिहायची खालची ओळ तेवढी राहिली होती. ओढणीखालून हात काढून घेतले. चौकटीनं थोडा विचार केला, आणि गेली. कोपऱ्यात त्या छोट्या पंख्यासारख्या रेघा उमटल्या.

"कनेक्ट झालं!" पायल जवळजवळ ओरडलीच. "आई! कसं केलंस? काय होता?"

आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण आनंदाच्या आधी संताप आला. माझ्या घरचा पासवर्ड, माझ्या भिंतीवरच्या डबीचा, कुणालाही सुचणार नाही असा मार म्हटल्यावर माझ्या बोटांनी काय मारावं, तर साहेबांचं नाव! नवरा नाही, लेक नाही, आई नाही. देवचके साहेब तसे वाईट नव्हते. चहा मागवला की माझ्यासाठीही मागवायचे. पण निवृत्तीच्या समारंभात ते माझ्याबद्दल भाषणात म्हणाले होते, "कल्याणीबाई म्हणजे आमच्या कचेरीचं सर्वांत चांगलं मशीन," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मीही हसून वाजवल्या होत्या. सगळ्या नोकरीत प्रत्येक कागदाखाली मी त्यांचं नाव मारलं, त्यांच्याआधीच्या साहेबांचं मारलं, आणि माझं काय राहिलं, तर पानाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक दोन आद्याक्षरं, टायपिस्ट कोण ते कळावं म्हणून, चूक झाली तर धरता यावं म्हणून. बोटांनी प्रामाणिकपणे तीच नोकरी घरी आणून चालू ठेवली होती. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

"हा बदलायचाय," मी म्हटलं. "कुठं बदलतात ते दाखव."

"अगं, आत्ता तर लागला! कशाला बदलतेस?"

"दाखव तर."

पायल शेजारची खुर्ची ओढून बसली. तिनं कुठलंसं पान उघडलं, दोन-तीन ठिकाणी दाबलं, आणि सरकवलं माझ्याकडे. "इथं नवा टाक. आणि इथं खाली तोच परत टाकायचा, कन्फर्म करायला. दोन्ही सेम नसले तर घेणार नाही हं." ती एकदम सावध झाली होती. मला माहीत होतं तिला कशाची धास्ती होती. एकदा बोटांनी वाट काढली, तो योगायोग असेल. दोनदा तेच, आंधळेपणानं, ठिपक्यांत, हा खरा पेपर होता. मी ओढणी सारखी केली. फोटोकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं नाही, डोळेच मिटून घेतले. काय मारलं ते मी तुम्हालाही सांगणार नाही. साहेबांचं नाव नव्हतं, एवढं पुरे. वर मारलं. खाली मारलं. खालचं मारताना बोटं जरा हळू गेली, घाईनं नव्हे, चवीनं. मग पायलनं हात पुढे करून बटण दाबलं आणि आम्ही दोघी त्या पडद्याकडे बघत बसलो.

"घेतला," पायल म्हणाली. ओढणी तिनं परत गळ्यात घातली नाही, तशीच मांडीवर घेऊन तिच्या टोकाचे गोंडे चाळत बसली. तिचा चेहरा, जो तिला लपवता येत नाही, तो सकाळचा राहिला नव्हता. तिथली कीव गेली होती. ती लहान असताना मी कचेरीतून घरी काम आणायचे, तेव्हा यंत्राशेजारी हनुवटी टेकवून ती अशी बघायची.

"मला तरी सांग काय ठेवलास."

"तुला कशाला?"

"अगं, मी आले की लागणार ना मला?"

"आलीस की मी टाकून देईन."

"म्हणजे दर वेळी मला इथं यावं लागणार?"

"ये की. जागा आहे." मी चहाचे कप उचलले. "आणि दुधाचं म्हणशील तर उद्याच शिट्टीचा दुधाचा कुकर आणते. ती शिट्टी सरोजिनीबाईंनाही ऐकू जाईल, म्हणजे त्यांची फोनची खटपट वाचेल. किल्लीला दोरी लावून ती गळ्यात घालीन, शाळेतल्या मुलीसारखी. विसरते मी, नाही कशाला म्हणू? पण मी कुठं राहते ते मला पक्कं माहीत आहे."

ती हसली. रडलीही असेल, मी मुद्दामच पाहिलं नाही. कप धुवायला ठेवले आणि परत येऊन तिच्यासमोर बसले, तोच तिचा फोन वाजला. एजंटचा होता. मला आवाज ऐकू येत होता, खाली गेटशी आलोय, किती नंबर म्हणालात? पायलनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. मान हलवली नाही, डोळ्यांनी सांगितलं नाही. माझं जे सांगायचं ते ओढणीखाली सांगून झालं होतं.

"हॅलो, हो, मीच. सॉरी हं दादा, तुम्हाला उगाच चक्कर पडली," पायल म्हणाली. "नाही, उद्याही नको. नाही हो, रेटचा काही प्रश्न नाहीये. जागा रिकामी नाही. माझी आई राहते इथं."

माझे हात मांडीवर होते. तिचं बोलणं बोटांनी उतरवून घेतलं, एकही अक्षर न गाळता. जागा रिकामी नाही. माझी आई राहते इथं. पूर्णविराम. खाली सहीपुरती चार बोटं जागा सोडली, सवयीनं कंस उघडला, आणि माझं नाव मारून तो बंद केला.